धवल्याची दुसरी प्रत

२ डिसेंबर २०२५, मंगळवार

आज सकाळी लॅपटॉप टिकटिक करू लागला. आधी वाटलं भिंतीवरचं घड्याळ. मग आठवलं, ते गणपतीपासून बंद आहे आणि सेल कुठल्या कंपनीचा घ्यायचा याचा माझा तपास अजून चालू आहे. टिकटिक लॅपटॉपच्या पोटातूनच येत होती. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी आलं. पूर्वीने ऑफिसला निघता निघता वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, हार्ड डिस्क गेली."

गेली म्हणजे काय? चार वर्षांत जाते? मी काही ती डोळे मिटून घेतली नव्हती. महापालिकेच्या पाणी खात्यातून रिटायर झालो तेव्हा तीन महिने अभ्यास केला होता. कोर्वेक्स, हिमोरी आणि ड्युरोना अशा तीन कंपन्या. प्रत्येकीची वॉरंटी, आवाज, तापणं, लोकांच्या तक्रारी, सगळं वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून लिहिलं. कोर्वेक्स पहिली आली. लॅपटॉपमध्ये तीच बसवून घेतली आणि बाहेरून जोडायची डिस्कही तिचीच आणली. एकदा कंपनी चांगली ठरली की पुन्हा पुन्हा संशय घेत बसायचं नाही, असं माझं मत. माझी बायको सुगंधा म्हणते, हे मत मी फक्त वस्तूंच्या बाबतीत पाळतो.

इतर काही असतं तर मी हळहळलोही नसतो. पण त्यात चंद्रावती काकीचे धवले आहेत. आमच्या नवघर गावात लग्न लावतो भटजी, पण ते चालवते धवलारीण. हळद दळण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक कामाचा एक धवला, म्हणजे त्या कामाचं गाणं, असतो आणि तो तिने म्हटल्याशिवाय ते काम व्हायचं नाही. काकीकडे असे एकेचाळीस धवले. सगळे येणारी ती शेवटची. येत होते, असं लिहायला हवं, कारण सप्टेंबरात तिला झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कागदावर धवले कुठेच नाहीत. काकीला अक्षरओळख नाही, आणि लिहिलेला धवला तिच्या लेखी धवलाच नव्हे.

म्हणून मी ते तेवीस साली तेरा बैठकांत रेकॉर्ड करून घेतले. नवरी समोर नसताना धवला म्हणायचा नाही हा तिचा हट्ट. मग दर बैठकीला एका नारळाला हळद लावून पाटावर बसवायचो आणि ती त्या नारळाकडे बघून गायची. तेरा नवऱ्यांची नंतर चटणी झाली.

पूर्वीचं लग्न वीस फेब्रुवारीला आहे. आमच्यात नवरी पाटावरून आपली आपण उठत नाही. धवलारीण उठवणीचा धवला म्हणते तेव्हाच ती उठते. पूर्वी शाळेत असल्यापासून सांगत आलीय, मी उठेन तर आजीच्या धवल्यावर. मांडवात स्पीकर लावायचे असं ठरलंय.

काळजी नाही. बाहेरची डिस्क देव्हाऱ्याच्या खणात आहे. उद्या काढतो.

३ डिसेंबर, बुधवार

बाहेरची डिस्कही गेली.

जोडली तर दिवाच लागेना. वायर बदलली, पूर्वीच्या लॅपटॉपला लावून पाहिली. काही नाही. दसऱ्याला तर ठणठणीत होती. त्या दिवशी तिची पूजा केली होती. आमच्याकडे बाबांच्या वेळेपासून जाळं, कोयता, होडीच्या इंजिनाचे पाने असं सगळं ताटात मांडतात. मी म्हटलं, ज्या वस्तूत आपले एकेचाळीस धवले आहेत ती का नको? हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, नारळ फोडला. पाणी थोडं उडालं होतं तिच्यावर, पण सुगंधाने लगेच पदराने पुसलं. मग धवले नीट आहेत ना बघावं म्हणून मी ती तशीच लॅपटॉपला जोडलीसुद्धा. दिवा एकदा चमकला होता. मी समाधानाने काढून ठेवली.

दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या आणि दोन्ही एकाच वेळी गेल्या. याला योगायोग म्हणायला मी काही दूधखुळा नाही. कोर्वेक्सने मला फसवलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस तपासात गेले. भाईंदर पश्चिमेची तीन दुकानं, पूर्वेची चार आणि काशीगावात हायवेजवळचं एक. नवी वही घातली.

स्टेशनजवळचे जितेंद्रभाई सगळ्यात जुने. त्यांनी डिस्क हातात घेतली, उलटी केली आणि मान हलवली. "सर, कोर्वेक्स का माल मैं रखता ही नहीं. हिमोरी लो. मेरी खुद की सात साल से चल रही है." समोरच्या दुकानात हिमोरीचं नाव काढलं तर त्याने कानाला हात लावला. म्हणाला, दर महिन्याला चार परत येतात, तुम्ही ड्युरोना घ्या. काशीगाववाल्याने ड्युरोनाची तर दोन डिस्कची हाडंच दाखवली आणि म्हणाला, कोर्वेक्ससारखी कंपनी नाही. मी त्याला म्हटलं, माझ्या दोन गेल्या. तो म्हणाला, "तुमको खराब पीस आया होगा."

घरी येऊन तक्ता केला. आठ दुकानं. कोर्वेक्सला तीन चांगलं म्हणतात, पाच वाईट. हिमोरीला चार-चार. ड्युरोनाला पाच चांगलं, तीन वाईट. तेव्हा नवी घ्यायची ती ड्युरोना, एवढं तरी ठरलं. पण प्रत्येकाने जी वाईट सांगितली ती त्याच्या दुकानात नव्हती, हे तक्ता करताना लक्षात आलं. त्याचाही एक रकाना घालायला हवा.

सुगंधाने चहा ठेवला आणि वहीकडे पाहून म्हणाली, "मेलेल्याची जात शोधून काय करणार?" तिचं माहेर रत्नागिरीचं. तिथली माणसं एक वाक्य बोलतात आणि आत निघून जातात.

६ डिसेंबर, शनिवार

आज फार मोठी गोष्ट घडली. नीट लिहितो.

पाणी खात्यातला माझा जुना सोबती दिपेश फोनवर म्हणाला, बंद पडलेली डिस्क थंड केली की थोडा वेळ चालते. त्याने तसला व्हिडिओ पाहिलाय. फ्रीजरमध्ये जागा नव्हती. सुगंधाने लग्नाच्या पाहुण्यांसाठी आतापासून सोडे आणि सुरमई कोंबून ठेवलीय. मग मी बाजारात जाऊन मासळीवाल्यांचा चुरा बर्फ आणला आणि आमची जुनी थर्माकोलची पेटी काढली. लॅपटॉपमधून काढलेली डिस्क दोन पिशव्यांत गुंडाळून बर्फात पुरली. सकाळी नऊ ते दुपारी तीन. बोंबील ताजा राहतो तर डिस्क का नाही?

तीनला काढली. पिशवीला कुठेतरी बारीक भोक असावं, आत थोडा ओलावा होता. पुसली, केस वाळवायच्या मशीनने वारा दिला आणि पूर्वीच्या लॅपटॉपला जोडली.

चालली! पूर्वी ओरडली, मी ओरडलो. "काकी धवले" हा फोल्डर दिसला. आत सगळ्या बैठका ओळीने. सुपारी, हळद, तेल, मांडव, उठवणी. मी स्वतःच्या डोळ्यांनी "उठवणी" वाचलं. पूर्वीने कॉपी करायला लावलं. हिरवी रेघ सरकू लागली. दोन टक्के, तीन टक्के. मी काकीच्या खोलीत जाऊन तिला सांगितलंसुद्धा, "काकी, आले तुझे धवले." तिने डावा हात उचलला.

परत आलो तेव्हा खरवडल्याचा आवाज येत होता. तव्यावर उलथनं घासावं तसा. रेघ चारवर थांबली होती. पूर्वीने वायर उपटली, तरी आवाज आणखी काही क्षण चालूच होता.

आलेल्या चार टक्क्यांत नुसती नावं आहेत. आत काही नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

घोडबंदरहून हिना आली. काकीची नात, मला मामा म्हणते. तिला समोर बसवून सुगंधाने विषय काढला की गावातल्या बायकांत जिला जेवढं येतं तेवढं गोळा करू.

मी म्हटलं, त्याने काय होणार? सूत गोळा करून लुगडं होत नाही. तरी हिनाला विचारलं, तुला किती येतात? ती आधी काकीपाशी रोज बसायची, काकीच्या पाठीमागे म्हणायची.

"पाच. तेबी निसती सुरवात."

"एवढेच? तू तर दोन वर्षं बसत होतीस."

"मामा, तूच बोल्लास ना. कशाला घोकताव पोरींनो, सगला मशीनमदी हाय. मंग आमी यायचा बंद केला. मी तुज्याकडं कॉपी मांगली तर तू बोल्लास, लग्न आला का देतंव."

तेव्हा मी म्हटलं होतं हे खरं आहे. पण ते तिच्या सोयीसाठी. तिला दोन लहान मुलं, घोडबंदरवरून रोज रिक्षाने यायचं, बसायचं. आणि कॉपी दिली नाही कारण अशा गोष्टी हातोहात फिरायला लागल्या की कुणीही उठून आपल्या नावावर खपवतो. आमची पूर्वी म्हणायची, इंटरनेटवर कुठेतरी ठेवा. काकीनेच नको म्हटलं होतं, परक्याच्या घरात धवला जायला नको. मी तिची इच्छा पाळली. आज उलटून मलाच बोलतात.

हिना गेल्यावर सुगंधा उठून मोरीशी गेली. भांडी घासताना नेहमीसारखी पुटपुटत होती. मी लॅबचा पत्ता शोधत होतो, म्हटलं जरा हळू.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मीरा रोडला डेटा काढून देणारी लॅब आहे. तिथे मृणालिनी नावाची इंजिनियर भेटली, पूर्वीहून पाचसात वर्षांनी मोठी असेल. दोन्ही डिस्क तिने भिंगाखाली ठेवल्या. बाहेरच्या डिस्कच्या तोंडाशी हिरवा गंज होता आणि त्यात लाल काहीतरी.

"हे काय आहे, काका?"

"कुंकू," मी म्हटलं. मग पूजेचं सांगावं लागलं. ती हसली नाही, उलट लिहून घेतलं. मग लॅपटॉपच्या डिस्कबद्दल विचारलं. बर्फाचं सांगितल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

तिने समजावलं ते असं. डिस्कच्या आत आरशासारखी चकती फिरते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगते. टिकटिक म्हणजे सुई चुकत होती. तेव्हाच बंद करून आणली असती तर बरंच काही निघालं असतं. थंड करून गरम केल्यावर आत दव धरलं आणि सुई चकतीवर घासली. त्या चार टक्क्यांत आम्ही जे बघून ओरडलो ते तेव्हाच खरवडलं जात होतं.

मला तिथे खुर्ची मागून घ्यावी लागली.

तिच्या मागे फळीवर मेलेल्या डिस्कची रांग होती. मी मोजल्या. एकतीस, त्यातल्या एकोणीस कोर्वेक्सच्या. मी म्हटलं, हा बघा पुरावा. ती म्हणाली, "काका, एकोणीस आहेत कारण या भागात खपतेच ती जास्त. फळीवरून कळतं काय विकलं गेलं, काय टिकतं ते नाही कळत. कुठल्याही कंपनीची घ्या, डिस्क जाणारच. तीन वर्षांनी, पाच वर्षांनी. ती जाईल त्या दिवशी तीच गोष्ट दुसऱ्या कुठल्या ठिकाणी आहे का, एवढंच बघायचं असतं. दुसरी वेगळ्या जातीची असली तर उत्तम."

म्हणजे दुसरी ड्युरोनाची घ्यायला हवी होती. हेच मी तक्त्यात काढलंय.

महिनाभर लागेल म्हणाली. आशा ठेवू नका, असंही म्हणाली. तरी मी ठेवून आलो.

२१ डिसेंबर, रविवार

काकीच्या खोलीत बसून तिला टिकाऊपणाचे आकडे वाचून दाखवले. एका परदेशी कंपनीने हजारो डिस्क वर्षभर चालवून शंभरात किती जातात ते छापलंय. सगळ्यांचं दीड-दोनच्या आसपास. माझ्या शंभरात दोन गेल्या असं नव्हे, दोनात दोन गेल्या. काकी माझ्याकडे बघत होती. मग तिने डावा हात माझ्या वहीवर ठेवला आणि वही खाली ढकलली. दमली असेल.

आणखी एक. सुगंधा तिचं अंग पुसायला जाते तेव्हा काकी डाव्या हाताने खाटेच्या लाकडावर टकटक करते. सुगंधा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत असते. मध्येच काकी हात थांबवते, मान जोरात हलवते, डोळ्यांतून पाणी काढते. सुगंधा पुन्हा सुरू करते. दार लावून घेतात. दोन दोन तास चालतं हे. इकडे आमंत्रणांची यादी पडलीय, काकीचा जीव थकतोय आणि हिला काही समजत नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

आज काकी टकटक करता करता हुंदके देऊन रडली. मी आत गेलो आणि सुगंधाला स्पष्ट सांगितलं की आजारी माणसाला असं रडवायचं नाही. ती म्हणाली, "रडत नाहीत त्या. सुटत नाहीय म्हणून चिडतायत." मी विचारलं, काय सुटत नाहीय? ती म्हणाली, "तुम्हाला वेळ आहे का ऐकायला?" मी म्हटलं आहे. तेवढ्यात मांडववाल्याचा फोन आला.

५ जानेवारी २०२६, सोमवार

काकीला हिनाकडे घोडबंदरला पोचवून आलो. लग्नाचा सगळा धिंगाणा इथे, रंगारी येणार, वास, माणसं. तिथे खाडीचा वारा आहे, शांतता आहे. लग्नाच्या आधी चार दिवस परत आणू.

गाडीत बसवताना काकी सुगंधाचा हात सोडेना. मी हसत म्हटलं, सासूबाई माहेरी चालल्या म्हणून एवढं? कोणी हसलं नाही. सुगंधा म्हणाली, "आणखी वीस दिवस राहू द्या." मी कारण विचारलं. तिने माझ्या काखेतल्या वहीकडे पाहिलं आणि आत गेली.

नवी ड्युरोना घेतली. दोन घेतल्या. रिकाम्याच आहेत.

२३ जानेवारी, शुक्रवार

काकी गेली. काल पहाटे झोपेतच. हिनाने सकाळी फोन केला तेव्हा मी चालायला निघालो होतो, एक बूट पायात आणि एक हातात होता.

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. काकीनेच मला अंगाखांद्यावर वाढवलं, लग्नांना घेऊन फिरली. ती गायची आणि मी तिच्या मांडीवर झोपायचो. एकेचाळीस धवले मी शेकडो वेळा ऐकलेत. आज दिवसभर आठवून पाहिलं. चाल येते. शब्द एकही पुरा येत नाही.

हिना म्हणाली, शेवटचे दिवस काकी खाटेवर टकटक करायची आणि दाराकडे बघायची. हिनाला वाटायचं पाणी हवंय.

४ फेब्रुवारी, बुधवार

तेरावं काल झालं. लग्न पुढे ढकलायचं नाही असं भाऊबंदांनी ठरवलं, काकीलाही तेच हवं असतं. आज मृणालिनीचा फोन आला म्हणून लॅबमध्ये गेलो.

लॅपटॉपच्या डिस्कमधून काही नाही. तिने चकती दाखवली, तिच्यावर गोल गोल ओरखडे. बाहेरच्या डिस्कचं सर्किट जळालं होतं आणि ओल चकतीपर्यंत पोचली होती, तरी सर्किट बदलून तिने पंधरा दिवस खटपट केली. फार खपली बिचारी. सत्तेचाळीस सेकंद निघाले. एक कान त्या यंत्राला लावून मी ऐकले.

काकीचा आवाज आहे. पण गात नाही. बैठक सुरू व्हायच्या आधीचं बोलणं आहे. ती म्हणते, "लीलाधरा, सुगंधाला बसव रं माज्याजवल. तिला हौस हाय. शिकंल ती." मग माझा आवाज. "अगं तिची जीभ रत्नागिरीची, तिला कुठे जमणार आपले धवले? आणि आता शिकायचं कशाला कुणी? मी भरून घेतोय ना सगळं." मग काकी म्हणते, "बरा." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आणि संपलं.

एकेचाळीस धवल्यांतून नेमकं हेच राहावं! नशीबच फुटकं, दुसरं काय. मृणालिनीने विचारलं, हे कॉपी करून देऊ का? मी म्हटलं, यात गाणं कुठे आहे? तिने तरी दिलं. घरी आल्यावर सुगंधाला सांगितलं की सत्तेचाळीस सेकंद मिळाले पण कामाचं काही नाही. तिने ऐकायला मागितलं. लॅपटॉपपाशी बसून तिने तीन वेळा ऐकलं आणि मग तांदूळ निवडायला घेतले.

स्पीकरवाल्याला नको म्हणून कळवलं. पूर्वी म्हणाली, ठीक आहे पप्पा. ती ज्या तऱ्हेने ठीक आहे म्हणाली ते मला सहन झालं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वरात गेली. घर रिकामं आहे. आजचं आज लिहायला हवं.

काल हळदीला बायका जमल्या. धवलारणीचा पाट रिकामा. हिनाने तिला येणारा पहिला धवला सुरू केला, चार ओळींनंतर तो विरला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, मोबाइलवर हळदीचं गाणं लावा. तेव्हा सुगंधा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि काकीच्या पाटावर बसली.

तिने गायला सुरुवात केली आणि मी दारात उभा राहिलो तो हललोच नाही. रत्नागिरीची जीभ आहे, "न" आणि "ण" नीट ठेवणारी, पण चाल काकीची, श्वास घ्यायच्या जागा काकीच्या. सुपारीचा धवला, हळदीचा, तेलाचा, मांडवाच्या मेढीचा. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आज सकाळीही गायली. मी मोजत होतो, माझी सवयच ती. एकोणीस.

मग पूर्वी पाटावर बसली, मुंडावळ्या बांधून. आता उठवणीचा. सुगंधाने एक ओळ म्हटली,

"ऊठ गो लेकी, तुजा उंबरा वाट बघतो"

आणि थांबली. पुन्हा तीच ओळ म्हटली. खाटेवर वाजवावं तसं तिने पाटाच्या कडेवर डाव्या हाताने ठोकलं. तिसऱ्यांदा तीच ओळ. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पुढचं येत नाही मला."

पूर्वी पाटावर बसूनच राहिली. मान खाली. आईला पुढचं आठवेल म्हणून थांबली होती. भटजी दोनदा घसा साफ करून म्हणाले, मुहूर्त टळतोय. बायकांपैकी कुणी तिला हात द्यायला पुढे येईना, तसा हात द्यायची रीत नाही. शेवटी ती स्वतःच जमिनीला तळवे टेकून उठली. लहान मूल उठतं तशी.

मी रडलो. माणसांसमोर, बाप असून, मोठ्याने.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सुगंधाला विचारलं. तुला एकोणीस येतात हे तू मला सांगितलं का नाहीस?

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही आठ दुकानांत जाऊन कंपन्या विचारल्यात." ती मटार सोलत होती, वर बघितलं नाही. "तुम्ही रेकॉर्ड करायचात तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकायचे. अकरा तसे आले. झटका आल्यावर मी म्हणायचे आणि चुकलं की काकी हात थांबवायच्या. तसे आणखी आठ झाले. विसावा उठवणीचा. पूर्वीसाठी म्हणून तो आधी घ्यायचा त्यांनी ठरवलं, क्रम सोडून. त्याची पहिली एकच ओळ बसली होती."

"आणि मी तिला घोडबंदरला नेलं."

"हो," ती म्हणाली.

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. मृणालिनी बोललेली दुसरी प्रत, वेगळ्या जातीची, माझ्या घरात धुणीभांडी करत होती. मी तिला हळू पुटपुट म्हणून सांगत होतो.

बावीस धवले गेले. ते आता कुणाच्याही डोक्यात नाहीत. नारळ समोर ठेवला तरी येणार नाहीत. हे मला लिहूनही पटत नाही, म्हणून दोनदा लिहितो. बावीस गेले.

मग मी म्हटलं, निदान हे एकोणीस तरी हिनाला शिकव. वर्षभर लागू दे. मी तिला रोज घोडबंदरहून आणेन, सोडेन. सुगंधाने शेंग सोलता सोलता सांगितलं की तिने कालच हिनाला फोन केला होता.

"मग? कधीपासून येते?"

"नाही येत. म्हणाली, मामी, कशाला घोकत बसायचं? मामाला सांग रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर दे."

मी तिला समजवायला फोन हातात घेतला, नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. तिला काय सांगणार होतो? काकीकडून ती पाच धवले शिकली, तेही अर्धे. माझ्याकडून मात्र एक गोष्ट पुरी शिकली.